रक्तातील दुर्मीळ विषाणू-प्रतिसादी पेशी कशा ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि संशोधनासाठी आपले रक्त देणारी माणसे यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथेच बहुतेकांची गल्लत होते.

विषाणूला प्रतिसाद देणारी पेशी म्हणजे नेमकी कोणती पेशी?

टी पेशी आणि बी पेशी हे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. आपल्या रक्तातील अशा प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एकाच विशिष्ट घडणीचे ग्राहक, म्हणजे परकी वस्तू ओळखणारे रेणू, असतात. ही घडण पेशी तयार होतानाच, जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी होऊन ठरते. त्यामुळे डेंग्यूच्या एखाद्या प्रथिनाशी जुळणारी पेशी डेंग्यू होण्याच्या कितीतरी आधीपासून शरीरात असू शकते. टी पेशीला मात्र विषाणू अख्खा दिसत नाही. बाधित झालेली पेशी आपल्या आतील विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा एकेक तुकडा एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून बाहेर मांडते. सीडी८ प्रकारची, म्हणजे पृष्ठभागावर सीडी८ ही खूण असलेली, टी पेशी हा तुकडा आणि ती खोबण, दोन्ही मिळून ओळखते. ही दुहेरी ओळख रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीडी४ पेशींचे तत्त्व हेच आहे, फक्त त्यांच्यासाठीचा तुकडा अधिक लांब असतो.

येथे एक भेद सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. विषाणूचा तुकडा ओळखणारी पेशी आणि तो ओळखल्यावर काहीतरी करून दाखवणारी पेशी या दोन्हींची संख्या सारखीच निघेल असे नाही. कोणती पद्धत यांपैकी कोणाला मोजते हे ठाऊक नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी मांडण्यात अर्थ नसतो.

दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ?

एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. त्याच रक्तातून लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी याच गटातल्या) आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या तर १० ते २० लाख पेशी हाती लागतात. अशा १० लाख पेशी घेतल्या, तर त्यांत सीडी८ टी पेशी ढोबळमानाने २ लाख भरतात. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाच्या स्मृतिपेशी दर १०,००० सीडी८ पेशींमागे एक असतील, तर या २ लाखांत आपल्याला हव्या असलेल्या पेशी सगळ्या मिळून २० निघतील. ज्या विषाणूशी शरीराची कधी गाठच पडलेली नाही, त्याच्या एखाद्या तुकड्यासाठी हे प्रमाण १ लाखात एक ते १० लाखांत एक इतके खाली जाते. म्हणजे १० मिलिलिटर रक्त घेतले तरी अशा पेशी बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. त्यांच्यासाठी चुंबकीय मणी चिकटवून आधी हव्या त्या पेशी गोळा कराव्या लागतात आणि मगच मोजणी करता येते.

याला अपवादही आहेत. सायटोमेगॅलो विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर दबा धरून राहतो, आणि काही व्यक्तींमध्ये त्या एकाच विषाणूला ओळखणाऱ्या पेशी सीडी८ पेशींच्या कित्येक टक्के असतात. नवख्या विद्यार्थ्याने हात बसवण्यासाठी याच विषाणूपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. आधी जे आहे ते दिसू लागले पाहिजे, मग जे जेमतेम आहे त्याच्या मागे लागावे.

सीबीसीच्या रिपोर्टात लिम्फोसाइटची टक्केवारी छापून येते. त्यावरून हे कळत नाही का?

नाही. त्या टक्केवारीत सर्व लिम्फोसाइट एकत्र असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली डेंग्यूची टी पेशी व फ्लूची टी पेशी यांत काडीचाही फरक दिसत नाही.

प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) तपासणी स्वस्त आणि सोपी असताना या पेशींचा एवढा खटाटोप कशासाठी?

प्रतिपिंड प्रामुख्याने विषाणूच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात, आणि विषाणू आपले हेच अंग वारंवार बदलतो. टी पेशींना आतील प्रथिनांचे तुकडेही दिसतात आणि ती प्रथिने तुलनेने कमी बदलतात. शिवाय रक्तातील प्रतिपिंडांची पातळी उतरल्यावरही स्मृतिपेशी टिकून राहू शकतात. २००३ च्या सार्सच्या साथीत आजारी पडलेल्या व्यक्तींच्या रक्तात त्या विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी १७ वर्षांनंतरही सापडल्या, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. देवीच्या लसीनंतर तर या पेशी कित्येक दशके मिळतात, मात्र त्यांची संख्या हळूहळू घटत जाते. लस टोचल्यानंतर शरीराने नेमके काय लक्षात ठेवले, याचा निम्मा हिशेब प्रतिपिंडांत असतो आणि उरलेला निम्मा या पेशींत.

रक्त किती घेतात? आणि हिरव्या टोपणाच्याच नळीत का?

बहुतेक अभ्यासांत प्रौढ व्यक्तीकडून २० ते ५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. करवीर तालुक्यातील एका काकांनी नळ्यांची रांग पाहून "एवढं रगात म्हंजे वाटीभर झालं की!" असे म्हटले होते, आणि त्यांचा अंदाज काही फारसा चुकीचा नव्हता. रक्तपेढीत एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त देतात हे सांगितल्यावर त्यांची काळजी मिटली.

हिरव्या टोपणाच्या नळीत हेपारिन असते, तर सीबीसीसाठी वापरल्या जाणाऱ्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असते. ईडीटीए रक्तातील कॅल्शियम बांधून टाकून रक्त गोठू देत नाही, परंतु टी पेशीला जागे होण्यासाठीही कॅल्शियमच लागते. पेशी नीट धुतल्या तर ईडीटीएच्या नळीतील रक्तही चालते. तरीही पेशींकडून प्रतिसाद मिळवायचा असेल तेव्हा हेपारिनची नळी घेणे शहाणपणाचे ठरते.

नमुना पुण्याला पाठवताना बर्फात का ठेवू देत नाहीत?

हा प्रश्न विचारणारे तंत्रज्ञ बहुधा वर्षानुवर्षे सीरमचे नमुने बर्फाच्या डब्यातून पाठवत आलेले असतात, त्यामुळे त्यांना या सूचनेचे नवल वाटते. येथे आपल्याला जिवंत आणि प्रतिसाद देऊ शकणाऱ्या पेशी हव्या असतात. रक्त थंड केले किंवा फार वेळ ठेवले, तर न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते, पुढच्या टप्प्यात त्या लिम्फोसाइटच्या थरात घुसतात आणि टी पेशींचा प्रतिसादही दाबतात. म्हणून रक्त साधारण १८ ते २५ अंश सेल्सियस तापमानात ठेवून शक्यतो ८ तासांच्या आत पेशी वेगळ्या कराव्या लागतात. २४ तास उलटले की निकालावरचा माझा विश्वास उडतो.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे, त्यामुळे सकाळी घेतलेले रक्त दुपारपर्यंत पोहोचू शकते. परंतु मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला डबा खोलीच्या तापमानावर राहील असे कोणी समजू नये. तो माणसे बसतात त्या भागात ठेवावा. पावसाळ्याची गोष्ट तर निराळीच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. ज्या शहराचा रस्ता असा तुटू शकतो, तेथे पेशी वेगळ्या करून गोठवण्याची सोय शहरातच असली पाहिजे.

पेशी वेगळ्या कशा करतात?

यासाठी १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेचे फायकॉल नावाचे द्रावण वापरतात. ही रीत आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. नळीत खाली फायकॉल घेऊन त्यावर पातळ केलेले रक्त नळीच्या कडेने इतक्या सावकाश सोडतात की दोन थर मिसळू नयेत. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या साधारण ४०० पट बलाने अर्धा तास फिरवतात. तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिल फायकॉलमधून तळाला जातात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि त्या दोहोंच्या मध्ये दुधावरच्या विरळ सायीसारखे एक पांढुरके कडे दिसते. आपल्याला हवे असते ते हेच.

यंत्र थांबताना त्याचा ब्रेक बंद असावा लागतो. पहिल्याच महिन्यात मी ते विसरले होते. झाकण उघडले तेव्हा नळीत कडे वगैरे काही नव्हते, सगळे गढूळ गुलाबी झाले होते, आणि त्या रुग्णाकडून पुन्हा रक्त मागण्याची सोय नव्हती. तेव्हापासून सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर "ब्रेक?" असे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे.

त्यांतून विषाणू-प्रतिसादी पेशी ओळखण्याच्या पद्धती कोणत्या?

मुख्य वाटा दोन आहेत. पेशीच्या ग्राहकाला जुळणारी वस्तू पुढे करून पेशी पकडणे ही पहिली, आणि विषाणूचे तुकडे देऊन कोण जागे होते हे पाहणे ही दुसरी.

पहिल्या वाटेचे साधन म्हणजे टेट्रामर. एचएलए रेणूच्या खोबणीत विषाणूचा ठरलेला तुकडा बसवायचा आणि असे चार रेणू स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाच्या चार हातांना बांधून त्यांना चमकणारा रंग जोडायचा. एकटा रेणू टी पेशीला फार सैल चिकटतो आणि लगेच सुटतो, पण चार मिळून धरले की पकड टिकते. मार्क डेव्हिस, जॉन ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली. यात पेशीला काहीही करून दाखवावे लागत नाही. थकलेली, निद्रिस्त पेशीसुद्धा सापडते.

दुसऱ्या वाटेवर तीन प्रकार प्रचलित आहेत. एलिस्पॉटमध्ये थाळीच्या तळाशी इंटरफेरॉन गॅमा (जागी झालेली टी पेशी सोडते तो एक रेणू) पकडणारे प्रतिपिंड पसरलेले असतात. त्यावर २ ते ३ लाख पेशी आणि विषाणूचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, सोडून थाळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. जी पेशी प्रतिसाद देते तिच्या भोवती तिने सोडलेला रेणू जागच्या जागी पकडला जातो आणि रंग दिल्यावर तेथे एक ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी, हा हिशेब सरळ आहे. यंत्र महाग नसले तरी चालते, म्हणून मला ही पद्धत आपल्याकडच्या मध्यम प्रयोगशाळांसाठी सर्वांत योग्य वाटते. मात्र ठिपका पाडणारी पेशी सीडी४ होती की सीडी८, हे एलिस्पॉट आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या प्रकारात ब्रेफेल्डिन ए नावाचे रसायन देऊन पेशीच्या बाहेर पडण्याच्या वाटा अडवतात. पेशीने तयार केलेले इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ, इंटरल्यूकिन-२ असे रेणू आतच साठतात. मग पेशीला छिद्रे पाडून रंगीत प्रतिपिंड आत सोडतात आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरचे रंग वाचणाऱ्या यंत्रावर, मोजतात. एकच पेशी किती प्रकारची कामे करते हे यात कळते, परंतु पेशी मरते. तिसऱ्या प्रकारात पेशी जागी झाल्यावर पृष्ठभागावर येणाऱ्या खुणा पाहतात. सीडी६९ काही तासांत दिसते, तर सीडी१३७ आणि ओएक्स४० यांसाठी साधारण १८ ते २४ तास थांबतात. कोणती पेशी कोणता रेणू सोडणार याचा आधी अंदाज बांधावा लागत नाही आणि पेशी जिवंत राहते. त्यामुळे ती बाजूला काढून तिच्या ग्राहकाची जनुकीय रचना वाचता येते. कोविडच्या काळात ही रीत फार वापरली गेली.

टेट्रामर एवढा नेमका असेल तर सगळे तोच का वापरत नाहीत?

कारण टेट्रामर बनवताना माणसाचा एचएलए प्रकार आणि विषाणूचा तुकडा या दोन्ही गोष्टी आधीच माहीत असाव्या लागतात. आजवर सर्वाधिक टेट्रामर ए*०२:०१ या प्रकारासाठी बनले, कारण तो युरोपीय वंशाच्या लोकांत विपुल आहे. भारतीयांत त्याच गटातील ए*०२:११ सारखे भाऊबंद तसेच ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ हे प्रकार बऱ्याच प्रमाणात आढळतात. बाहेरून तयार मागवलेला टेट्रामर कोल्हापुरातील दात्याच्या रक्तात काहीच दाखवत नसेल, तर पेशी नाहीत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दात्याचा एचएलए प्रकार तपासावा. किल्ली दुसऱ्याच कुलपाची असण्याची शक्यता अधिक असते.

पेप्टाइडच्या संचाला ही अडचण फारशी येत नाही. विषाणूच्या एखाद्या अख्ख्या प्रथिनाचे १५ अमिनो आम्लांचे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याची ११ अमिनो आम्ले पुढच्या तुकड्यात पुन्हा येतील असे ते ठेवतात. त्यांतून ज्याला जो जुळेल तो त्याच्या खोबणीत बसतो.

फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर दिसणारा प्रत्येक ठिपका खरा असतो का?

नसतो, आणि या पानावर एवढे एकच उत्तर वाचले तरी माझी हरकत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाबी कपड्यांतील माणूस शोधायला निघालेल्याची जी गत होईल, तीच येथे होते. गुलालाने सगळेच गुलाबी झालेले असतात. मेलेल्या पेशी दिसेल तो रंग अंगाला लावून घेतात, म्हणून फक्त मृत पेशींत शिरणारा एक वेगळा रंग देऊन त्या आधी वगळतात. एकमेकींना चिकटून यंत्रातून गेलेल्या दोन पेशी एकच पेशी म्हणून मोजल्या जातात, त्याही काढून टाकतात. मोनोसाइटवर सीडी१४ आणि बी पेशींवर सीडी१९ ही खूण असते. या दोन्ही नको असलेल्या पेशी एकाच रंगाने रंगवून बाजूला सारतात. मग उरलेल्यांत टी पेशींची खूण सीडी३, त्यांत सीडी४ किंवा सीडी८, आणि त्यांत शेवटी जागेपणाची खूण शोधतात. ज्या खुणेची सीमारेषा संशयास्पद आहे, तेवढा एक रंग न घातलेली नळीही सोबत लावतात, म्हणजे रेषा कोठे ओढायची हे डोळ्यांच्या अंदाजावर राहत नाही.

एवढे करूनही पेप्टाइड न दिलेल्या नळीत काही पेशी जाग्या दिसतातच. पेप्टाइड डीएमएसओ नावाच्या ज्या द्रावकात विरघळवलेले असते, तेवढेच डीएमएसओ घातलेली ही नळी म्हणजे पार्श्वभूमी. याउलट सर्व टी पेशींना ढोसणारे पीएचए दिलेल्या नळीत भरपूर प्रतिसाद यायलाच हवा. तो आला नाही, तर त्या दिवशीचा "प्रतिसाद नाही" हा निकाल रद्द समजावा, कारण पेशीच निकामी झालेल्या असतात.

पार्श्वभूमी ०.०२ टक्के आणि पेप्टाइडला ०.०५ टक्के आले. हा प्रतिसाद म्हणायचा का?

टक्केवारीवरून सांगता येत नाही. किती पेशी मोजल्या ते आधी सांगावे लागते.

समजा दोन्ही नळ्यांत २ लाख सीडी८ पेशी मोजल्या. पार्श्वभूमीत ४० आणि पेप्टाइडच्या नळीत १०० पेशी आल्या, म्हणजे फरक ६० चा. अशा विरळ मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार हा दोन्ही आकड्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १४० च्या वर्गमुळाएवढा, सुमारे १२ असतो. ६० हा आकडा १२ च्या पाचपट आहे, त्यामुळे हा फरक खरा मानायला हरकत नाही. आता घाईत, नमुना पुरला नाही म्हणून, फक्त २०,००० पेशी मोजल्या असे धरू. टक्केवारी तीच, ०.०२ आणि ०.०५. पण पेशी ४ आणि १०, फरक ६, आणि योगायोगाचा चढउतार जवळपास ४. या ६ वर मी प्रबंधातील एक ओळही लिहू देणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी तक्त्यात टक्केवारीशेजारी प्रत्यक्ष मोजलेल्या पेशींचा आकडा लिहावा असा माझा आग्रह असतो. सेकंदाला ३,००० पेशी या वेगाने १० लाख पेशी यंत्रातून जाण्यास साडेपाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ थांबणे परवडते.

ज्यांना तो आजार कधीच झाला नाही त्यांच्यातही या पेशी सापडतात. मग तपासणी चुकली का?

चुकलीच असे नाही. २०२० मध्ये, कोविडच्या आधी गोळा करून ठेवलेल्या रक्तातही बऱ्याच व्यक्तींमध्ये नव्या कोरोना विषाणूच्या तुकड्यांना प्रतिसाद देणाऱ्या सीडी४ पेशी आढळल्या. साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंशी आधी झालेली ओळख हे त्याचे एक कारण मानले जाते. डेंग्यूमध्ये हा गुंता अधिक आहे, कारण त्याचे चार प्रकार एकमेकांशी पुष्कळ साम्य ठेवून आहेत. पहिल्या डेंग्यूच्या स्मृतिपेशी दुसऱ्या प्रकारच्या डेंग्यूतही पुढे सरसावतात, भले त्या नव्या विषाणूशी तितक्याशा जुळत नसोत. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण दिसणाऱ्या आपल्या भागात "कधीच डेंग्यू न झालेला दाता" शोधणे हे पेशी शोधण्याइतकेच कठीण होते. अनेकांना तो लक्षणांशिवाय होऊन गेलेला असतो.

बी पेशी अशाच ओळखता येतात का?

येतात, आणि काही बाबतींत अधिक सोपेपणाने, कारण बी पेशीला एचएलएची खोबण लागत नाही. विषाणूचे अख्खे प्रथिन दोन वेगवेगळ्या रंगांत रंगवून देतात आणि दोन्ही रंग धरणारी पेशीच खरी मानतात. रंगालाच चिकटणाऱ्या पेशी यामुळे गळतात.

ही तपासणी शहरातील पॅथॉलॉजी लॅबमध्ये करून मिळेल का?

विषाणूंसाठी नाही, हे संशोधनाचे काम आहे. मात्र याच तत्त्वावर चालणारी एक तपासणी अनेक लॅबमध्ये रोज होते, ती म्हणजे क्षयरोगासाठीची आयजीआरए. त्यात रक्ताला क्षयजंतूची ठरावीक प्रथिने देऊन इंटरफेरॉन गॅमा मोजतात. ज्या तंत्रज्ञाने ती केली आहे, त्याला येथील अर्धे काम आधीच येते.

माझ्या उरलेल्या पेशींचे काय करता?

संमतिपत्रात परवानगी दिली असेल, तरच त्या जपून ठेवल्या जातात. १० टक्के डीएमएसओ घातलेल्या द्रावणात पेशी घेऊन मिनिटाला साधारण एक अंश या गतीने त्यांचे तापमान उतरवतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. शेतकरी दात्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. म्हशीच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर ज्या कॅनमधून वाफाळती नळी काढतात, तसेच कॅन आमच्याकडे आहे, एवढे म्हटले की पुरते. बाहेर काढताना मात्र घाई लागते. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलवत राहायचे, आत वाटाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची आणि कोमट द्रावण थेंबाथेंबाने घालून डीएमएसओ धुऊन टाकायचे. त्यानंतर पेशींना रात्रभर विसावू देतात, आणि पेप्टाइड दुसऱ्या दिवशी सकाळी देतात.